निओडिमियम ते इटर्बियम : स्पंदित घनस्थिती लेसरांतील स्फटिकांचा इतिहास

लेसरचा इतिहास सांगताना १६ मे १९६० या दिवसापासून आरंभ करण्याचा प्रघात पडला आहे. त्या दिवशी कॅलिफोर्नियातील मालिबू येथील ह्यूज संशोधन प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी कृत्रिम माणकाच्या एका लहानशा दंडगोलाभोवती झेनॉन वायूचा सर्पिलाकार फ्लॅश दिवा पेटविला आणि ६९४·३ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा लेसर प्रकाश प्रथम उपलब्ध झाला. या घटनेचे श्रेय, तिच्या आधीची टाउन्स-शॉलो यांची १९५८ मधील मांडणी आणि नंतरचे एकस्वाधिकारांचे दीर्घ वाद यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने एका साध्या प्रश्नाकडे फारसे लक्ष गेलेले नाही. मेमन यांच्या प्रयोगानंतरच्या काही वर्षांत विरल मृत्तिका मूलद्रव्यांचे आयन आणि त्यांना सामावून घेणारे यजमान स्फटिक यांच्या कितीतरी जोड्यांनी लेसरक्रिया दाखविली. या जोड्यांपैकी बहुतेक आज केवळ जुन्या नियतकालिकांच्या पानांत उरल्या आहेत. निओडिमियमयुक्त यिट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेट, म्हणजेच संक्षेपाने ‘निओडिमियम-यॅग’, ही एक जोडी मात्र टिकली, वाढली आणि साठ वर्षांनंतरही प्रयोगशाळेत व कारखान्यात नित्य वापरात आहे. हे का घडले?

याचे प्रचलित उत्तर असे की, निओडिमियमची ऊर्जा-पातळीरचना लेसरसाठी आदर्श आहे. हे उत्तर खोटे नाही. पण अपुरे आहे. निओडिमियम तर इतर डझनभर यजमानांतही होते. निवड शेवटी वर्णपटाने केली नाही. ती उष्णतावहनाने, मुशीच्या धातूने आणि द्रवातून स्फटिक खेचण्याच्या वेगाने केली, असे कागदपत्रांच्या क्रमावरून दिसते.

विरल मृत्तिकांकडे संशोधक वळले ते लेसरमुळे नव्हे. ब्लूमबर्गन यांनी १९५६ साली तीन पातळ्यांच्या घनस्थिती मेसरची कल्पना मांडली आणि १९५७ साली बेल प्रयोगशाळेत स्कोव्हिल, फेहेर व सायडेल यांनी ती प्रत्यक्षात आणली, तेव्हा त्यांनी वापरलेला पदार्थ गॅडोलिनियमयुक्त लँथॅनम एथिल सल्फेट हा होता. म्हणजे सूक्ष्मतरंगांच्या क्षेत्रातील पहिला असा घनस्थिती प्रवर्धक विरल मृत्तिकेवरच चालला. या मूलद्रव्यांचे आकर्षण त्यांच्या इलेक्ट्रॉन-रचनेत आहे. त्यांचे ४एफ कवच अपूर्ण असते. पण त्याच्या बाहेर ५एस व ५पी ही भरलेली कवचे असल्यामुळे ते स्फटिकातील शेजारी अणूंच्या विद्युत्-क्षेत्रापासून पुष्कळसे झाकलेले राहते. परिणामी घन पदार्थात असूनही या आयनांच्या वर्णरेषा जवळजवळ वायूतील अणूंसारख्या अरुंद राहतात, आणि उत्तेजित पातळ्यांचे आयुष्य अणुमानाने फार दीर्घ, म्हणजे शेकडो मायक्रोसेकंदांपासून कित्येक मिलिसेकंदांपर्यंत असते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डीके यांनी या पातळ्यांचे जे नकाशे वर्षानुवर्षे चिकाटीने तयार केले, त्यांवर लेसर संशोधकांची एक पिढी पोसली गेली. १९६२ साली जड आणि ओफेल्ट यांनी एकमेकांच्या अपरोक्ष या रेषांच्या तीव्रतेचा सिद्धान्तही मांडला.

पण नकाशा हाती असून भागत नाही. पदार्थ शुद्ध मिळावा लागतो. विरल मृत्तिकांचे रासायनिक गुणधर्म इतके सारखे की, त्यांना एकमेकांपासून वेगळे करणे हे एकोणिसाव्या शतकातील रसायनज्ञांपुढचे मोठे संकट होते. १८८५ साली आउअर फॉन वेल्सबाख यांनी ‘डिडिमियम’ हे तोवर एकच समजले गेलेले द्रव्य फोडून त्यातून निओडिमियम व प्रेसिओडिमियम ही दोन मूलद्रव्ये काढली, तीही पुनःपुन्हा स्फटिकीकरण करून. १९११ च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स जेम्स यांनी शुद्ध थुलियम मिळविण्यासाठी सु. १५,००० वेळा स्फटिकीकरण केल्याची नोंद आहे. या पद्धतीने लेसरविद्या कधीच उभी राहिली नसती. आयोवा राज्यातील एम्स प्रयोगशाळेत फ्रँक स्पेडिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर आयन-विनिमयाची पद्धत विकसित केली. ती मूळची अणुऊर्जा-प्रकल्पाच्या गरजेतून निघालेली होती. १९६० साली जो संशोधक निओडिमियम ऑक्साइडची बाटली बाजारातून मागवू शकला, तो नकळत या कार्याचा ऋणी होता.

भारताचाही येथे एक धागा आहे, आणि तो लेसरच्या पुष्कळ आधीचा आहे. १९०९ साली शोमबर्ग या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट आढळले. त्या काळी मोनाझाइटला किंमत होती ती गॅसबत्तीच्या जाळीसाठी लागणाऱ्या थोरियममुळे. विरल मृत्तिका हा त्यातील उरलेला भाग. स्वातंत्र्यानंतर १९५० साली ‘इंडियन रेअर अर्थ्‌स’ ही संस्था स्थापन झाली व १९५२ मध्ये केरळातील आलुवा येथे तिचा कारखाना सुरू झाला. खनिज आपल्या किनाऱ्यावर आणि त्याचा प्रकाशीय उपयोग मात्र परदेशी प्रयोगशाळांत, ही स्थिती पुढे बराच काळ राहिली. त्याचे कारण खनिजाची उणीव हे नव्हते. अतिशुद्ध ऑक्साइडपासून निर्दोष स्फटिकापर्यंतची मधली साखळी आपल्याकडे नव्हती, हे होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माणकातील क्रोमियम आयन हा तीन पातळ्यांचा आहे. त्यात लेसर-संक्रमणाची खालची पातळी म्हणजेच आयनाची मूळ पातळी होय. त्यामुळे वरच्या पातळीत खालीपेक्षा अधिक आयन असण्याची अवस्था, म्हणजे संख्या-विपर्यय, साधावयाची तर निम्म्याहून अधिक आयन एकदम वर उचलावे लागतात. हे काम एवढे खर्चिक आहे की, शॉलो यांच्यासारख्या जाणकारालाही या मार्गाने माणकाचा उपयोग होईल असे वाटले नव्हते. मेमन यांनी माणकाची अनुस्फुरणक्षमता स्वतः मोजली, ती पूर्वीच्या मोजणीच्या मानाने कितीतरी अधिक निघाली, आणि पुरेसा तेजस्वी दिवा मिळाला तर माणूक चालेल असा हिशोब त्यांनी मांडला. असा तेजस्वी दिवा अखंड चालणारा नव्हता. छायाचित्रकारांचा क्षणभर झळकणारा फ्लॅश दिवा तेवढा होता. पहिला लेसर स्पंदित झाला तो यामुळे. स्पंद हा त्या वेळी हेतू नव्हता, नाइलाज होता. त्याच नाइलाजातून पुढे एक स्वतंत्र शास्त्र निघाले.

चार पातळ्यांच्या आयनात ही अडचण नसते. तेथे लेसर-संक्रमणाची खालची पातळी मूळ पातळीच्या वर, आणि म्हणून जवळपास रिकामी असते. थोडेसे आयन वर नेले तरी विपर्यय साधतो. आय.बी.एम. कंपनीच्या संशोधनशाळेत पीटर सोरोकिन आणि मिरेक स्टीव्हन्सन हे नेमका हाच विचार करीत होते. सोरोकिन हे ब्लूमबर्गन यांचे विद्यार्थी. त्यांनी कॅल्शियम फ्लुओराइडच्या स्फटिकात त्रिसंयुजी युरेनियम आणि द्विसंयुजी समेरियम मिसळले. प्रारंभी त्यांची योजना चौरस स्फटिकाच्या चारही बाजूंवर प्रकाशाचे पूर्ण आंतरिक परावर्तन घडविण्याची होती. मेमन यांचे वृत्त येताच त्यांनी ती बाजूस सारून स्फटिक दंडगोलाकार कापून घेतले, त्यांच्या टोकांना चांदीचा मुलामा दिला आणि नोव्हेंबर १९६० मध्ये युरेनियमच्या स्फटिकातून सु. २·५ मायक्रोमीटरचा अवरक्त लेसर मिळविला. तो जगातील दुसरा लेसर आणि चार पातळ्यांचा पहिला. युरेनियम हे ॲक्टिनाइड असल्याने विरल मृत्तिकांत मोडत नाही. तो मान काही आठवड्यांनी त्यांच्याच समेरियमच्या स्फटिकाला मिळाला. त्याचा प्रकाश ७०८·५ नॅनोमीटरचा होता.

या दोन्ही लेसरांना लागणारी किमान ऊर्जा माणकाच्या मानाने फारच कमी होती. असे असताना ते मागे का पडले? याचे उत्तर एका आकड्यात आहे. समेरियमची खालची पातळी मूळ पातळीपेक्षा केवळ २६३ प्रति सेंटिमीटर एवढ्याच तरंगांकाने वर आहे. खोलीच्या तापमानास उष्णतेची ऊर्जा याच एककात सु. २०८ भरते. म्हणजे ही ‘रिकामी’ पातळी खोलीच्या तापमानास मुळीच रिकामी राहत नाही; मूळ पातळीच्या चतुर्थांशाहून अधिक आयन तेथे असतात, आणि चार पातळ्यांचा लेसर व्यवहारतः तीन पातळ्यांचा होतो. म्हणून स्फटिक अतिशय थंड ठेवावा लागे. शिवाय द्विसंयुजी अवस्था ही विरल मृत्तिकांची स्वाभाविक अवस्था नव्हे. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकेच्या प्रयोगशाळेत किस व डंकन यांनी १९६२ मध्ये द्विसंयुजी डिस्प्रोसियमवर उत्तम काम केले. परंतु किरणोत्साराने वा अन्य मार्गाने बळेच आणलेली ही अवस्था टिकवून धरणे हीच मोठी चिंता होती. द्विसंयुजी आयनांचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे : त्यांचे शोषणपट्टे रुंद असतात, त्यामुळे दिव्याचा पांढरा प्रकाश ते भरभरून घेतात. त्रिसंयुजी आयन स्थिर खरे, पण त्यांच्या शोषणरेषाही उत्सर्जनरेषांइतक्याच अरुंद. दिव्याच्या प्रकाशातील फारच थोडा अंश त्यांच्या उपयोगी पडतो. ज्या कवचरक्षणामुळे विरल मृत्तिका हव्याशा वाटल्या, त्याच रक्षणामुळे त्यांना ऊर्जा पुरविणे अवघड झाले. दिव्यांच्या काळातील सारे प्रयत्न या पेचाभोवती फिरत राहिले.

निओडिमियमने यातून वाट काढली. त्याच्या सु. १·०६ मायक्रोमीटरच्या संक्रमणाची खालची पातळी मूळ पातळीच्या वर सु. २००० प्रति सेंटिमीटर आहे. यॅगमध्ये ती २१११ एवढी आहे. खोलीच्या तापमानास तेथे मूळ पातळीच्या मानाने पंचवीस हजारांत एक एवढेच आयन असतात. थंड करण्याची गरज उरत नाही. त्याचे शोषणही एका रेषेत नसून ०·७५ व ०·८१ मायक्रोमीटरच्या आसपासच्या रेषासमूहांत विभागलेले असल्याने, इतर त्रिसंयुजी आयनांपेक्षा दिव्याचा लाभ त्याला बराच होतो. १९६१ साली बेल प्रयोगशाळेत जॉन्सन आणि नासाउ यांनी कॅल्शियम टंगस्टेटच्या स्फटिकात निओडिमियम घालून पहिला निओडिमियम लेसर चालविला.

कॅल्शियम टंगस्टेटची हकीगत जरा विस्ताराने पाहण्याजोगी आहे. हा स्फटिक द्रवातून खेचून वाढविणे तुलनेने सुकर होते, वर्णपट चांगला होता, आणि दोनतीन वर्षे तोच निओडिमियमचा प्रमुख यजमान मानला गेला. अडचण संयुजेची होती. कॅल्शियम द्विसंयुजी, निओडिमियम त्रिसंयुजी. एकाच्या जागी दुसरा बसविला की एक धन प्रभार जास्तीचा होतो; स्फटिक तो कोठे तरी रिक्त जागा ठेवून फेडतो, आणि निरनिराळ्या आयनांभोवतीची परिस्थिती निरनिराळी होऊन रेषा पसरतात. नासाउ यांनी त्यावर उपाय केला तो प्रत्येक निओडिमियमबरोबर एक सोडियम घालण्याचा. एका कॅल्शियमच्या जागी त्रिसंयुजी, दुसऱ्याच्या जागी एकसंयुजी. हिशोब जुळला, आणि लेसरचे कार्य लक्षणीय सुधारले. स्फटिकरसायनाची ही युक्ती देखणी आहे. पण यजमान मुळात योग्य नसेल तर त्याला समजावीत बसावे लागते, हेही तिच्यातून दिसते. ज्या स्फटिकात त्रिसंयुजी धातूच मुळात बसलेला आहे तेथे ही खटपटच नको.

यॅगमध्ये यिट्रियम त्रिसंयुजीच असतो. बेल प्रयोगशाळेत गार्नेटांचा अभ्यास आधीपासून चालू होता, तो चुंबकीय कारणांसाठी. १९५६-५७ च्या सुमारास यिट्रियम-लोह गार्नेट प्रकाशात आल्यापासून सूक्ष्मतरंग-उपकरणांसाठी त्याला महत्त्व आले होते. लोहाच्या जागी ॲल्युमिनियम घातले की तोच साचा पारदर्शक होतो. १९६४ मध्ये ग्युसिक, मार्कोस आणि व्हॅन युटर्ट यांनी निओडिमियमयुक्त यॅगचा लेसर प्रसिद्ध केला. तो केवळ स्पंदितच नव्हे, तर खोलीच्या तापमानास अखंडही चालला. त्याच वर्षी लिनारेस यांनी गार्नेटचे स्फटिक शुद्ध वितळीतून चोक्राल्स्की पद्धतीने खेचून दाखविले. (याच वर्षी, याच संस्थेत, बारामतीत जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले चंद्रकुमार पटेल यांनी कार्बन डाय-ऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. निओडिमियम-यॅगशी औद्योगिक क्षेत्रात पुढे तीन दशके स्पर्धा केली ती मुख्यतः याच लेसरने.)

यॅगची उष्णतावाहकता काचेच्या दहापटीहून अधिक आहे, तो कठीण आहे, आणि दिव्याच्या अतिनील प्रकाशाखाली वर्षानुवर्षे टिकतो. पण तो मिळविणे सोपे नव्हे. त्याचा विलयबिंदू सु. १९७० अंश सेल्सियस. प्लॅटिनमची मूस त्यापूर्वीच वितळते, म्हणून इरिडियमची मूस लागते, आणि इरिडियम हा अत्यंत महाग धातूंपैकी एक. दुसरी अडचण निओडिमियमच्या आकारमानाची. त्याचा आयन यिट्रियमपेक्षा मोठा असल्याने वाढणारा स्फटिक त्याला सहजी आत घेत नाही. वितळीत जेवढे प्रमाण असेल त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपासच स्फटिकात उतरते. नाकारलेला निओडिमियम मुशीत साठत जातो, वितळ क्रमाने दाट होते, आणि घाई केल्यास स्फटिकात बुडबुडे व अंतर्वेश राहतात. म्हणून खेचण्याचा वेग ताशी अर्धा मिलिमीटरच्या आसपास ठेवावा लागतो. पंधरा सेंटिमीटर लांबीच्या एका स्फटिकाला या वेगाने तीनशे तास लागतात, आणि एवढा वेळ भट्टीचे तापमान ढळता कामा नये. वाढ झाल्यावरही मधोमध ताणयुक्त गाभा राहतो. लेसरचे दंड त्याला टाळून कडेच्या भागातून कोरून काढावे लागतात. स्फटिकाच्या अणूंमागे साधारण एक टक्का निओडिमियम ही मर्यादा येथेच ठरते. त्याहून जास्त घातल्यास स्फटिक बिघडतो आणि शेजारचे आयन एकमेकांची ऊर्जा वाया घालवू लागतात.

एवढी किंमत मोजूनही यॅग निवडला गेला, यातच त्याच्या उष्णतावहनाचे मोल दिसून येते. फ्लॅश दिव्याने पुरविलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम एक ते तीन टक्के लेसर प्रकाशात उतरते. उरलेल्या ऊर्जेचा मोठा अंश दिव्यात व भोवतालच्या पोकळीत जातो आणि काही भाग स्फटिकात उष्णतेच्या रूपाने राहतो. दंडाचा मध्य तापतो, कडा पाण्याने थंड राहते, दंड स्वतःच भिंगासारखा वागू लागतो, आणि शेवटी तडकतो. सेकंदाला दहा-वीस स्पंद द्यावयाचे तर दोन स्पंदांमधील अवकाशात ही उष्णता बाहेर निघालीच पाहिजे. कॅल्शियम टंगस्टेट येथे मागे पडला.

याच निकषाची उलट बाजूने साक्ष मिळते ती क्रोमियम-निओडिमियम यांच्या संयुक्त स्फटिकांत. क्रोमियमचे शोषणपट्टे रुंद. त्याने दिव्याचा प्रकाश घ्यावा व निओडिमियमला द्यावा, अशी कल्पना किस व डंकन यांनी १९६४ मध्येच यॅगमध्ये अजमावली. यॅगमध्ये हे हस्तांतरण फार मंद निघाले, स्पंदांसाठी निरुपयोगी. १९८० नंतर गॅडोलिनियम-स्कँडियम-गॅलियम गार्नेटमध्ये ते वेगाने व जवळजवळ संपूर्ण होते असे आढळले आणि स्पंदित लेसरची कार्यक्षमता यॅगच्या मानाने दुपटीच्या घरात गेली. वर्णपटाचा प्रश्न असा सुटला. पण त्या स्फटिकाची उष्णतावाहकता कमी व त्यातील उष्णताजन्य भिंगदोष तीव्र असल्याने यॅगला तो हटवू शकला नाही.

काचेचा मार्ग वेगळा होता. अमेरिकन ऑप्टिकल कंपनीत इलायस स्निट्झर यांनी १९६१ मध्येच निओडिमियमयुक्त काचेचा लेसर केला होता. काच हव्या त्या आकारात ओतता येते. तिच्यात प्रत्येक आयनाचा परिसर थोडा निराळा असल्याने उत्सर्जनरेषा रुंद, आणि प्रत्येक आयनाची प्रवर्धनशक्ती यॅगच्या सु. एक दशांश. हा दोष वाटेल. साठवणीच्या दृष्टीने तो गुण आहे. प्रवर्धन प्रबळ असले की साठवलेली ऊर्जा स्पंद सोडण्यापूर्वीच उत्स्फूर्त प्रकाशाने गळू लागते. काच ती शांतपणे धरून ठेवते. म्हणून एकेकट्या प्रचंड स्पंदांसाठी काच आणि वारंवार येणाऱ्या स्पंदांसाठी यॅग, अशी वाटणी झाली. कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथे १९७७ मध्ये चालू झालेल्या वीस शलाकांच्या काचेच्या लेसरला ‘शिवा’ हे नाव दिले गेले होते. तेथीलच १९२ शलाकांच्या यंत्राने ५ डिसेंबर २०२२ रोजी २·०५ मेगाजूल प्रकाश लक्ष्यावर टाकून ३·१५ मेगाजूल संमीलन-ऊर्जा मिळविली.

साठवणीचा हा विचार मुळात हेलवर्थ यांचा. आरंभीच्या लेसरांचा स्पंद एकसंध नसे. सुमारे एक मिलिसेकंदाच्या कालात मायक्रोसेकंदाच्या मानाचे असंख्य काटेरी उद्रेक येत. विपर्यय उंबरठ्याच्या जरा वर जाताच लेसर त्याला खाली आणी, पुन्हा तो वाढे, पुन्हा खाली. हेलवर्थ यांनी १९६१ मध्ये सुचविले की, आरशांमधील मार्ग आरंभी बंद ठेवावा, आयन वर साठू द्यावेत, आणि साठा भरपूर झाला की मार्ग एकदम खुला करावा. १९६२ साली मॅक्लंग व त्यांनी केर कोठी वापरून माणकातून असा एकच प्रचंड स्पंद मिळविला. त्याची शक्ती लक्षावधी वॅटच्या मापात मोजावी लागली. फिरता लोलक, विद्युत्-प्रकाशीय झडप, आणि १९६४ पासून तीव्र प्रकाशात आपोआप पारदर्शक होणारी रंगद्रव्ये, ही सर्व याच कल्पनेची रूपे. रंगद्रव्याच्या झडपेवर काम करणाऱ्यांत पुन्हा सोरोकिन आहेत. त्याच रंगद्रव्यांतून त्यांना १९६६ मध्ये रंगद्रव्य-लेसर सापडला. निओडिमियमच्या वरच्या पातळीचे यॅगमधील आयुष्य सु. २३० मायक्रोसेकंद, दिव्याचा झोतही तेवढाच लांब ठेवला की साठवण उत्तम होते. १०० मिलिजूल ऊर्जा १० नॅनोसेकंदांत बाहेर पडली तर तेवढ्या क्षणापुरती शक्ती एक कोटी वॅट होते. मेजावर मावणाऱ्या उपकरणाला ही शक्ती आली, तेव्हा अरेषीय प्रकाशविज्ञान हा अपवादात्मक प्रयोगांचा विषय राहिला नाही. १०६४ नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशापासून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश काढणे नित्याचे झाले. १९६६ मध्ये डिमारिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी निओडिमियम-काचेतून पिकोसेकंदांचे स्पंद काढले. अशा लघुस्पंदांना प्रवर्धकात नेले की काचच फुटे. १९८५ साली रॉचेस्टर येथे डॉना स्ट्रिकलंड व झेरार मूरू यांनी स्पंद आधी ताणावा, मग प्रवर्धित करावा, शेवटी आवळावा हा उपाय काढला. २०१८ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

यॅगने इतर विरल मृत्तिकांनाही आश्रय दिला. जॉन्सन, ग्युसिक व व्हॅन युटर्ट यांनी १९६५ मध्ये थुलियम, होल्मियम, इटर्बियम व एर्बियम या चारही आयनांची लेसरक्रिया त्यात दाखविली. यांपैकी एर्बियमची कथा विशेष आहे. त्याच्या २·९४ मायक्रोमीटरच्या संक्रमणात खालच्या पातळीचे आयुष्य वरच्या पातळीपेक्षा कितीतरी मोठे. शास्त्रीय हिशोबाने असा लेसर सुरू होताच स्वतःला बंद पाडील. कारण खाली आलेले आयन तेथेच तुंबून राहतील. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास सोव्हिएत संशोधकांनी एर्बियमचे प्रमाण सु. पन्नास टक्क्यांपर्यंत वाढविले. तेव्हा खालच्या पातळीतील दोन शेजारी आयन आपसांत ऊर्जेची देवघेव करू लागले; एक मूळ पातळीला उतरला, दुसरा वर चढला, आणि तुंबलेली वाट मोकळी झाली. निओडिमियमच्या बाबतीत जी शेजाऱ्यांची देवघेव घातक, तीच येथे तारक. पाण्याचे शोषण याच तरंगलांबीजवळ पराकोटीस पोचत असल्याने हा लेसर दंतवैद्यक व त्वचा-शल्यकर्मात गेला.

दिव्यांच्या जागी अर्धवाहक लेसर वापरण्याची कल्पना जुनी आहे. १९६४ मध्ये एम.आय.टी.च्या लिंकन प्रयोगशाळेत कीज व क्विस्ट यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या डायोड-लेसरांनी सोरोकिन यांचाच युरेनियम-स्फटिक चालविला. १९६८ मध्ये रॉस यांनी निओडिमियम-यॅग. परंतु खोलीच्या तापमानास भरपूर शक्ती देणारे डायोड १९८० नंतरच मिळू लागले. तेव्हा जुना पेच उलटा झाला. डायोडचा प्रकाश स्वतःच अरुंद रेषेचा. ८०८ नॅनोमीटरला तो निओडिमियमच्या शोषणरेषेवर अचूक बसतो, आणि रुंद पट्ट्यांची गरजच संपते. डायोडचलित निओडिमियम-यॅगचे हलके, दीर्घायुषी उपकरण अवकाशयानात नेता आले. २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघालेल्या चांद्रयान-१ वरील लेसर उंचीमापक १०६४ नॅनोमीटरचे, प्रत्येकी सु. १० मिलिजूलचे स्पंद चंद्राकडे पाठवून अंतर मोजीत असे. देशात या लेसरांची बांधणी मुख्यतः वाढली ती अणुऊर्जा विभागाने १९८४ मध्ये इंदूर येथे स्थापिलेल्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रात. दिलीप भवाळकर हे त्याचे संस्थापक-संचालक. २००५ पासून हे केंद्र राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखले जाते.

डायोडांनी इटर्बियमलाही न्याय दिला. त्याच्याकडे ४एफ कवचाच्या दोनच पातळ्या-गट आहेत. दिव्याच्या काळात ही दरिद्री रचना पाहून त्याला बाजूस ठेवले गेले होते. पण दोनच गट असल्याने ऊर्जा गळण्यास अन्य वाटही नाही, आणि आकाराने तो यिट्रियमशी जुळत असल्याने स्फटिकात हवा तेवढा घालता येतो. ९४० नॅनोमीटरचा प्रकाश घेऊन १०३० चा दिला की उष्णतेत जाणारा अनिवार्य भाग सु. नऊ टक्के, निओडिमियममध्ये तो चोवीस टक्के आहे. १९९१ मध्ये लिंकन प्रयोगशाळेत डायोडचलित इटर्बियम-यॅग सिद्ध झाला, आणि त्यानंतर श्टुटगार्ट येथे आडोल्फ गीझेन यांनी दंडाऐवजी मिलिमीटरहूनही पातळ चकती घेऊन तिची पाठ थंड करण्याची रचना केली. खालची पातळी मूळ पातळीच्या जवळ असण्याचा समेरियमचा जुना दोष इटर्बियमलाही आहे. एवढेच की, आता उत्तेजक प्रकाशच इतका दाट मिळतो की तो सोसता येतो.

भट्टीतून स्फटिक खेचण्याच्या जाचातूनही १९९५ मध्ये एक वाट निघाली. जपानमध्ये इकेसुए व त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिसूक्ष्म ऑक्साइड-चूर्ण दाबून व भाजून पारदर्शक निओडिमियम-यॅग मृत्स्ना तयार केली; तिची लेसर-कार्यक्षमता एकस्फटिकाच्या तोडीस तोड निघाली. या पद्धतीत विलयबिंदू गाठावा लागत नाही, इरिडियमची मूस लागत नाही, गाभ्याचा ताण नाही, आणि एका टक्क्याची मर्यादाही ओलांडता येते. अशा भाजलेल्या पदार्थातून लेसर काढण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न मात्र १९६४ मधला आहे. हॅच, पार्सन्स व वीगली यांनी तो कॅल्शियम फ्लुओराइडमध्ये, द्विसंयुजी डिस्प्रोसियम घालून केला होता.